जोडीचं पुस्तक

आमच्या बुऱ्हाणपूरच्या मराठी वाचनालयात एक नियम होता, तो मी पुढे दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिला नाही. तुम्हाला हवं ते पुस्तक मिळायचं, पण त्याच्या जोडीला कोणालाच नको असलेलं एक पुस्तकही न्यावं लागायचं. दोन्ही सुतळीने एकत्र बांधून मिळत. ग्रंथपाल म्हातारे होते, भर उन्हाळ्यातही कोट घालायचे आणि वाळवीला फार भ्यायचे. जे पुस्तक कोणी उघडत नाही त्यालाच वाळवी आधी धरते, असं त्यांचं ठाम मत होतं. "वाचू नका हवं तर," ते सुतळीची गाठ मारता मारता म्हणत, "पण घरी नेऊन चार पानं उलटा. हवा लागली की पुस्तक जगतं."

लोक पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ते घेऊन जात, कोनाड्यात ठेवत आणि आठ दिवसांनी परत आणत. पानं कोणी उलटत नसे. आमच्या घरामागच्या एका घरी एका जाडजूड चरित्राने सबंध आठवडा गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचं कापड उडू दिलं नव्हतं, आणि त्या पुस्तकाचा त्याहून चांगला उपयोग त्या गावात कोणी केला असेल असं मला वाटत नाही. जोडीचं पुस्तक वाचायचं नसतं, हे आम्हा मुलांना बाराखडीबरोबरच कळलेलं होतं.

मी तेव्हा सातवीत होते. त्या दिवसांत मोठ्या माणसांच्या बोलण्यात सारखी प्रांतरचना असायची. आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्याकडे गेले, रावेर-भुसावळ आधीपासूनच पलीकडे होते, आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. केळीच्या गाड्या पूर्वीसारख्याच जात होत्या आणि लग्नंही पूर्वीसारखीच पलीकडे जुळत होती, त्यामुळे मला त्यात बदललेलं काही दिसत नव्हतं. पण कचेऱ्यांचं सगळं काम हिंदीत सुरू झालं, आणि एके दिवशी माझ्या वडिलांच्या शाळेत निरोप आला की मराठी शाळेतल्या मास्तरांनाही आता हिंदीची परीक्षा द्यावी लागेल.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. आमच्याकडे बऱ्याच घरांत तसंच म्हणतात. भाऊ मराठी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवत. उंच, सडपातळ, टोपी कधी तिरकी न होणारे, आणि वर्गात खडू पडला तरी मुलं दचकतील असा दरारा. घरीही ते कमीच बोलत. निरोप ऐकून मात्र ते चक्क हसले. "हिंदीची परीक्षा? आम्हाला?" म्हणाले.

बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाला हिंदीचा अभ्यास कर म्हणणं म्हणजे तापीतल्या माशाला पोहायला शिक म्हणणं. भाजी आम्ही हिंदीत घ्यायचो, टांगेवाल्याशी हिंदीत भांडायचो, मारवाड्याच्या दुकानात हिंदीत घासाघीस करायचो. फक्त या आमच्या हिंदीत निम्मी मराठी होती, मूठभर खानदेशी होती आणि वरून विणकरांच्या मोहल्ल्यातली उर्दू भुरभुरलेली होती. गावाबाहेर ती कोणी चालवून घेतली नसती. पण हे कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण गावाबाहेर जाऊन हिंदी बोलायची वेळच आमच्यावर कधी आली नव्हती. भाऊंनी पुस्तकाला हात लावला नाही. परीक्षेला खांडव्याला जाताना गाडीत बरोबरचे तरुण मास्तर पाठांतर करत होते, तर भाऊंनी त्यांना उगाच डोळे खराब करू नका म्हणून सांगितलं.

ते तरुण मास्तर सगळे पास झाले. भाऊ नापास झाले.

गावात ही बातमी पसरायला दुपार लागली नाही. ज्यांना भाऊंनी सातवीत दोनदा बसवलं होतं अशी माणसं आता बाजारात दुकानं टाकून बसलेली होती. त्यांतला एकही काही बोलला नाही, पण सगळ्यांनी फार नम्रपणे नमस्कार केला, आणि भाऊंना तेच सहन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते चौकातून न जाता मागच्या बोळातून शाळेत जाऊ लागले. आई घरात एवढंच म्हणाली, "अति शहाणा..." आणि बैल रिकामा न करताच चुलीकडे वळली.

परीक्षेला पुन्हा एकदा बसता येणार होतं. त्यातही जमलं नाही तर शाळेतली जागा राहील की जाईल, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. पण भाऊंनी तो प्रश्नच निकालात काढला. उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मी नाही बसणार. पोरांच्या वयाच्या मास्तरांच्या शेजारी बाकावर बसून पुन्हा नापास व्हायचं? त्यापेक्षा राजीनामा देतो. तुकईथडला चुलत भावाची शेती आहे, त्याला माणूस पाहिजेच."

तुकईथडची शाळा तेव्हा चौथीपर्यंत होती. म्हणजे माझं शिक्षण सातवीला संपलं, हे त्या ताटावरच ठरलं. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे तिलाही ते कळलं होतं. भाऊ आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि पुढचे कित्येक दिवस दुपारच्या वेळी आम्ही त्यांची पाठच पाहिली. घरात सुतक नव्हतं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्याच सुट्टीत एका दुपारी मी वाचनालयातून आणलेली खुनाची गोष्ट एका बैठकीत संपवली. बाहेर अशी आग ओतत होती की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेने चालत होती. दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून मी सुतळीतलं दुसरं पुस्तक उचललं. त्याचं मूळचं कव्हर कधीच गेलेलं होतं. ग्रंथपालांनी वर खाकी पुठ्ठा चढवला होता, आणि नावाचं पानही कसरीने खाऊन टाकलं होतं. पहिली वीसेक पानं प्रस्तावनेची होती. कोण्या विद्वानाने हास्य म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, आणि आपल्या पूर्वजांनी त्याविषयी काय म्हटलंय, हे इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की वाचणाऱ्याने पुन्हा जन्मात हसू नये. दारात म्हैस आडवी बांधावी तशी ती प्रस्तावना बांधलेली होती. आत काय आहे ते बघायला म्हशीला ओलांडून कोणी गेलेलंच नव्हतं. मी गेले, कारण मला प्रस्तावनांचा तेव्हापासूनच राग आहे.

आत एक मुलगा होता. कुठल्याशा लहान तालुक्याच्या गावी राहणारा आणि मोठं होण्याची भयंकर घाई झालेला. तो स्वतःच आपली हकिकत सांगत होता. त्याच्या निरीक्षणात मोठी माणसं हसत नाहीत, म्हणून तो दिवसभर गंभीर चेहरा करून बसायचा. घरच्यांना वाटायचं याचं पोट बिघडलं, आणि चेहरा गंभीर झाला रे झाला की आजी एरंडेलाची बाटली काढायची. गंभीर व्हायचं आणि एरंडेल प्यायचं, अशा चक्रात तो बिचारा सबंध एक महिना सापडला होता. मी पोट धरून हसले. मग त्याने ठरवलं की माजघराच्या दाराच्या चौकटीला आपलं डोकं लागलं की आपण मोठे. रोज सकाळी तो चौकटीखाली जाऊन उभा राही. एकदा आजोळहून परत आला तर डोकं खाडकन चौकटीला लागलं. आनंदाने त्याने गावभर कपाळाचं टेंगूळ दाखवलं, वडिलांशी बरोबरीच्या नात्याने बोलला, धाकट्या भावाला आशीर्वाद दिला. आणि चार दिवसांनी कळलं की बहिणीच्या लग्नासाठी माजघरात फरशी घातलीय. तो होता तेवढाच होता. वर आली होती ती जमीन.

"कायले खिदळू रायली वं?" आई बाहेरून ओरडली. "घरात काय चालू रायलं, तुले काही?"

मी पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेले. ती पडवीत शेवया करत होती. "आई, एवढं ऐक," म्हटलं, आणि एरंडेलाचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. आईने पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग तिचे हात थांबले. मग तिने पदर तोंडात कोंबला, कारण आत भाऊ झोपले होते. मी चौकटीचं प्रकरण काढलं. टेंगूळ झालं, आशीर्वाद झाला, फरशी आली, आणि आतल्या खोलीतून, भिंतीकडच्या बाजूने, मास्तरी आवाज आला.

"फरशी किती उंच होती?"

"तसं लिहिलेलं नाही, भाऊ," मी म्हणाले.

"चार बोटं तरी पाहिजे. त्याशिवाय लागणार नाही," आतून आलं. मग खाट करकरली आणि भाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा वाकडातिकडा होत होता. मला वाटलं रागावलेत. पण ते हसू आवरत होते, आणि ते त्यांना जमलं नाही. खांबाला धरून ते इतके हसले की टोपी नसलेलं त्यांचं डोकं मला पहिल्यांदाच कोणा ओळखीच्या माणसाचं वाटलं. "पुढे वाच," ते म्हणाले.

आठ दिवसांत आम्ही ते दोनदा वाचून काढलं. मुदत संपली तेव्हा मी वाचनालयात गेले आणि हेच पुस्तक अजून आठ दिवस हवंय म्हटलं. ग्रंथपालांनी चष्मा वर केला. "जोडीचं पुस्तक वाढवून द्यायचा नियमच नाही. आजवर कोणी मागितलंच नाही!" मोठा पेच पडला. मग त्यांनीच तोड काढली. मी दुसरी एक खुनाची गोष्ट मागितली आणि त्यांनी तिच्या जोडीला हेच बांधून दिलं. पुढे कित्येक महिने मला खुनाच्या गोष्टी वाचाव्या लागल्या, त्यातल्या दोन-तीन बऱ्या होत्या.

आता शेजारणीबद्दल सांगायला हवं. भोपाळ राजधानी झाल्यापासून कचेऱ्यांत सागर-जबलपूरकडची नवी माणसं येऊ लागली होती. आमच्या भिंतीला भिंत लावून पोस्टातले एक तरुण बाबू राहायला आले, सागरचे. त्यांची बायको दिवसभर एकटी. तिला मराठी येत नव्हती आणि आमची हिंदी ऐकून ती सुरुवातीला घाबरून जायची. आईला ती 'जिज्जी' म्हणायची, म्हणजे मोठी बहीण, आणि भाऊंना 'मास्साब'. भाऊ वयाने मोठे, म्हणून त्यांच्यासमोर ती हनुवटीपर्यंत घूंघट ओढून बसायची. एका दुपारी आमचं हसणं ऐकून ती निवडायचे तांदूळ घेऊन पडवीत आली. "का हो गओ, जिज्जी? हमें भी तो बताओ," म्हणाली.

आईने भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊंनी घसा साफ केला आणि एरंडेलाचं प्रकरण हिंदीत सांगितलं. पंचवीस वर्षं वर्गावर शिकवलेला माणूस, आवाज खणखणीत. संपलं. घूंघट जागच्या जागी.

भाऊंना तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि विचारणंही बरं दिसलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या शेजारी बसले होते. मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. खांदे हलले नव्हते.

ती गेल्यावर भाऊ चिडले. "गोष्ट चांगली आहे!"

"गोष्ट चांगलीच हाय," आई म्हणाली. "तुमाले सांगता नाही येत."

त्या दिवशी भाऊंना जे जाणवलं ते त्यांनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, आपल्या हिंदीत फक्त विकत मिळणाऱ्या वस्तूंना शब्द होते. वांगी, गाडी, कापड, घोडा. उंबरठा बाजारात मिळत नाही, म्हणून आपल्या हिंदीत उंबरठा नव्हता. लाज नव्हती, लाड नव्हते, आजोळ नव्हतं. एवढं सगळं वगळून लहानपण कसं सांगणार?

पण त्या दुपारी ते एवढंच म्हणाले, "उद्या चौकटीचं सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे राहिले. "इसको क्या बोलते, बहूजी?" घूंघटातून उत्तर आलं, "चौखट, मास्साब." "और ये नीचेवाला?" "देहरी।" दराऱ्याचे मास्तर घरातून हिंडत एकेका वस्तूला हात लावत होते आणि घूंघट एकेक शब्द देत होता. आई तोंडावर पदर धरून आत पळाली. मला मात्र हसू आलं नाही. मला एकदम वाटलं, ते शिकतायत. परीक्षेसाठी नाही, पण शिकतायत. मी देवाजवळ जाऊन हात जोडले.

चौकटीच्या गोष्टीलाही खांदे हलले नाहीत. भाऊंनी हार मानली नाही. पेटलेच म्हणा ना. आता ते सकाळी एक प्रकरण वाचत, दुपारी हिंदीत सांगत, आणि संध्याकाळी ते कुठे फसलं त्याचा विचार करत ओट्यावर येरझाऱ्या घालत. वाचनालयातून हिंदी शब्दकोश आला, जोडीच्या पुस्तकासकट. पोस्टातल्या बाबूंकडे येणारं हिंदी वर्तमानपत्र आमच्याकडे येऊ लागलं. हळूहळू भाऊंचं सांगणंही बदललं. पूर्वी ते गोष्ट धडा शिकवल्यासारखी सांगत, शेवटी अर्थ समजावून. आता ते थांबायला शिकले. आजी बाटली काढते, असं म्हणून ते थांबत आणि सुपारी कातरत. एकदा अशाच एका थांबण्यात शेजारीण न राहवून म्हणाली, "फिर? फिर का हुआ, मास्साब?" भाऊंनी सुपारी चघळत माझ्याकडे असं पाहिलं, जणू गडच जिंकलाय.

शाळा सुरू झाली. राजीनाम्याचं कोणी काढत नव्हतं. भाऊही नाही आणि आम्हीही नाही. तो विषय झोपलेल्या सापासारखा होता, सगळे त्याला वळसा घालून जात. चुलत काका एकदा बाजाराला आले आणि मग कधी येता म्हणून विचारून गेले, तेव्हा भाऊ म्हणाले, "दिवाळी होऊ दे." मला त्या रात्री ताप भरला. आईने औषध दिलं, पण दुखणं काय ते तिला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते घडलं. भाऊ चौकटीची गोष्ट पुन्हा सांगत होते, सातव्यांदा की आठव्यांदा देव जाणे. पण या वेळी ते स्वतः उठले, दारापर्यंत गेले, त्या मुलासारखी मान ताठ केली आणि कपाळ खाडकन चौकटीवर आपटलं. मग टेंगूळ चाचपत, डोळे मिटून, अतिशय समाधानाने म्हणाले, "बस। अब हम बड़े हो गए।" आधी खांदे हलले. मग तांदळाचं सूप हललं. मग शेजारीण इतकी हसली की घूंघट मागे सरकून खांद्यावर आला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भाऊंना तिचा चेहरा दिसला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने जीभ चावून पदर ओढून घेतला, पण पदराआडून हसतच राहिली. भाऊ दारात तसेच उभे होते, कपाळ लाल झालेलं. संध्याकाळी त्यांनी चांगलं धोतर नेसलं, चौकातून, हो, चौकातून गेले आणि परीक्षेचा अर्ज देऊन आले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच जिवाला घोर नको. ते पास झाले. आम्ही तुकईथडला गेलो नाही. मी मॅट्रिक झाले, पुढेही शिकले, आणि भाऊ त्याच शाळेतून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं तर ते पोरांना हिंदीच शिकवायचे. पुस्तकाचं म्हणाल तर ते कोणी लिहिलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुण्यातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना गोष्ट सांगून विचारलं, ते मान हलवतात. मोठमोठ्या विनोदी लेखकांवर लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले असं काही असतं तर आम्हाला ठाऊक असतं. असो. एवढं चांगलं पुस्तक म्हशीमागे राहिलं याचा मला अजून राग येतो.

पण सांगायचंय ते परीक्षेच्या दिवसाचं. थंडी पडली होती. भाऊ पहाटे खांडव्याला गेले आणि दिवस मावळताना परत आले. आम्ही ओट्यावरच होतो, आई, मी, आणि घूंघट ओढून शेजारीण. भाऊंनी पाय धुतले, येऊन बसले आणि म्हणाले लेखी ठीक झालं. मग तोंडी परीक्षा होती. तीन साहेब बसलेले. मधले म्हणाले, मास्टरजी, बचपन के बारे में कुछ सुनाइए. भाऊंच्या जिभेवर एरंडेल तयार होतं. पण तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःचंच आठवलं.

आणि ते त्यांनी आम्हाला तिथे, ओट्यावर, सांगायला सुरुवात केली. हिंदीत. मराठीत ती गोष्ट त्यांनी कोणाला कधी सांगितलीच नव्हती, हिंदीतच ती पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती.

ते डोईफोडियाकडचे, जंगलाच्या कडेच्या वस्तीतले. आई लवकर गेली. शिकायला म्हणून त्यांना बुऱ्हाणपुरात लांबच्या एका काकांकडे ठेवलं. त्यांच्या वस्तीत रीत अशी की वाढणारी बाई विचारत नाही. खाणाऱ्याने 'नको नको' म्हणायचं आणि तिने वाढायचं. 'नको' न म्हणता घेतलं तर हावरा, आणि 'नको' ऐकून थांबली तर ती कंजूष. शहरातल्या काकूने पहिल्याच दिवशी विचारलं, "अजून वाढू?" हे रीतीप्रमाणे म्हणाले, "नको." काकू भली बाई. तिने दुरडी उचलून ठेवली. हे वाट बघत बसले की आता वाढेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वर्षभर हे एका भाकरीवर राहिले. स्वयंपाकघराच्या जवळ बसलं तर कदाचित तिच्या लक्षात येईल, म्हणून चुलीशेजारी बसून मोठमोठ्याने पाढे म्हणायचे. काकूने गावभर सांगितलं, पोरगं काय अभ्यासू आहे! पोट जितकं ओरडायचं तितके पाढे मोठ्याने. "भूख ने हमको मास्टर बना दिया, साहब," भाऊ म्हणाले, आणि ते तिघे साहेब टेबल बडवून हसले होते. आम्हीही हसलो. शेजारीण तर गुडघ्यात डोकं घालून हसत होती. मग भाऊ म्हणाले, त्या मधल्या साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, तो आपने कभी बताया क्यों नहीं? "हमने कहा, साहब, माँगना आता ही नहीं था।"

मी हसता हसता आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

आई खुद्द बुऱ्हाणपूरची. लग्न होऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. रोज दोन वेळा ती त्यांना विचारायची, "अजून वाढू?" ते "नको" म्हणायचे, आणि ती दुरडी बाजूला ठेवायची. शेजारणींत ती कौतुकाने सांगायची की आमच्यांचं जेवण पाखराएवढं.

ती उठली. चुलीवर तवा ठेवला. भाऊ जेवायला बसले तेव्हा मी समोरच होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी ताटात पडली, ती संपली. आईने विचारलं नाही. दुसरी ठेवली. भाऊ सवयीने म्हणाले, "नको, नको." आईची मान खाली होती, तिचे डोळे चुलीच्या धुराने लाल झाले होते असं मी तेव्हा मानलं. तिने तिसरी थापायला घेतली. भाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग दुसरी भाकरी मोडली आणि खाल्ली. मग तिने तिसरी वाढली, आणि तीही त्यांनी खाल्ली.